नांदेडहून घेतलेली छोटी कृपाण, आठ महिन्यांचा अनुभव

मी अमृतधारी, म्हणजे दीक्षा घेतलेली शीख आहे, कृपाण चोवीस तास अंगावर असते, झोपतानाही. त्यामुळे ती दिसते कशी यापेक्षा रोज वागवायला कशी आहे तेच सांगते.

आधीची ऑनलाइन मागवलेली. साइटवर 6 इंच लिहिलं होतं, मी पण तेवढंच बघून घेतली. दिल्लीला निघाले तर एअरपोर्टवर सिक्युरिटीच्या मॅडमनी मोजली, पातं बरोबर भरलं पण मुठीसकट लांबी दहा इंचाच्या जवळ गेली. नियमात दोन मापं आहेत, पातं 6 इंचांपर्यंत आणि अख्खी कृपाण 9 इंचांपर्यंत, आणि हे फक्त देशातल्या देशात उडणाऱ्या विमानांसाठी. मॅडम अगदी नीट बोलल्या, चूक त्यांची नव्हतीच. पण कृपाण काढून चेक-इनच्या बॅगेत टाकावी लागली आणि दिल्लीपर्यंतचे ते दोन तास मला फार जड गेले, हात सारखा डाव्या कमरेकडे जायचा.

मग नांदेडला गेले तेव्हा हजूर साहिबजवळच्या गल्लीतल्या एका छोट्या दुकानातून ही घेतली. काकांनी पहिलाच प्रश्न विचारला, "विमानानं जाणं होतं का, बेटा?" आणि टेप काढून मुठीच्या टोकापासून पात्याच्या टोकापर्यंत मोजून दाखवली, पावणेनऊ इंच. साडेसहाशे रुपये, गातरा (कृपाण अडकवायचा खांद्यावरचा पट्टा) धरून.

पातं सरबलोहाचं, म्हणजे निव्वळ लोखंडाचं आहे. स्टीलची पण होती पण मला लोखंडच हवं होतं. पावसाळ्यात मात्र लक्ष द्यावं लागतं, जुलैमध्ये दोन दिवस पुसायचं राहिलं तर मुठीजवळ तांबूस डाग आले, खोबरेल लावून घासले तेव्हा गेले. म्यान घट्ट बसतं, स्कूटरवरून जाताना किंवा वाकल्यावर कृपाण बाहेर सरकत नाही, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. गातरा तेवढा आवडला नाही, शिलाई कच्ची आहे, चार महिन्यांत उसवली आणि मी घरीच परत टाके घातले.

ऑफिसात कुणी कुणी म्हणतं, तुम्हाला बरी सूट मिळते चाकू घेऊन फिरायची. वाईट वाटतं. मी चाकू घेऊन फिरत नाही, आणि आपल्या घटनेच्या कलम 25 च्या स्पष्टीकरणातच लिहिलंय की कृपाण धारण करणं हे शीख धर्म पाळण्यातच धरलं जाईल. विमानातल्या परवानगीविरुद्ध दिल्ली हायकोर्टात याचिका पण झाली होती, ती डिसेंबर 2022 मध्ये फेटाळली. एवढा हक्क मिळालाय तर विकणाऱ्यांनी माप नीट लिहायला नको का, ऑनलाइनवाल्यांना एवढंच सांगणं आहे की पूर्ण लांबी टाका.

बाहेर राहणाऱ्यांनी आपापल्या देशाचं माप बघूनच घ्या. माझी मावसबहीण ब्रॅम्प्टनला असते, तिलाही अशीच पाठवणार होते, पण कॅनडात विमानात 6 सेंटिमीटरपर्यंतचं पातं चालतं, 6 इंच नाही, आणि अमेरिकेला जाणाऱ्या विमानात तेही नाही. काकांना फोन केला, तेवढी लहान बनवून देतो म्हणालेत, पुढच्या महिन्यात आणायला जाणार आहे. गातरा या वेळी चामड्याचा सांगितलाय.