१९८७ची ग्रँड नॅशनल घ्यावी का टर्बो-टी?

ऐंशीच्या दशकातली अमेरिकन टर्बो ब्यूक घ्यायचं डोक्यात बसलं की माणूस शेवटी याच प्रश्नापाशी येऊन अडतो. जीएनएक्स, म्हणजे ग्रँड नॅशनलची मोजकीच बनवलेली खास आवृत्ती, मी यात धरतच नाहीये, ५४७च गाड्या, प्रत्येकीच्या डॅशवर तिचा नंबर, किंमत लाखभर डॉलरच्या पुढे, आपल्यासारख्यांसाठी तो विषय तिथेच संपतो. उरतात दोन, दोन्ही ब्यूकच्या रीगल मॉडेलवरच बनलेल्या: ग्रँड नॅशनल आणि त्याच वर्षीची डब्ल्यूई४ पॅकेजवाली टर्बो-टी.

१९८७ला ग्रँड नॅशनल निघाल्या २०,१९३ आणि डब्ल्यूई४ फक्त १,५४७. तेरापट दुर्मिळ, तरी बाजारात भाव ग्रँड नॅशनललाच जास्त, कारण कमी बनली म्हणून कोणी गाडी शोधत नाही, लहानपणी बघितलेली ती नखशिखांत काळी गाडी हवी असते, ते नाव हवं असतं, हेडरेस्टवर भरतकाम केलेला ६चा लोगो हवा असतो. यात चूक काही नाही, मलाही तेच हवं होतं.

इंजिन दोन्हीत तेच इंटरकूलरवालं ३.८ लिटरचं व्ही६. डब्ल्यूई४ला बंपरमागचे सपोर्ट आणि मागच्या ब्रेकचे ड्रम अॅल्युमिनियमचे दिले, त्यामुळे ती हलकी. मी दोन्ही चालवल्या, मला टर्बो-टी वळणावर जास्त चपळ वाटली, अर्थात टायर वेगळे होते त्यामुळे छातीठोकपणे नाही सांगणार.

पण माझं ठरलं ते डिकीच्या झाकणावरून. झाकण उघडलं की आतल्या बाजूला ऑप्शन कोडचं स्टिकर असतं, ग्रँड नॅशनल असेल तर त्यावर डब्ल्यूई२, टर्बो-टी असेल तर डब्ल्यूई४. व्हिनमधला, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकातला, आठवा आकडा ७ असला की गाडी फॅक्टरीतूनच टर्बो निघाली एवढं कळतं, पण ती ग्रँड नॅशनल आहे का हे त्यावरून कळत नाही. आणि काळा रंग मारून बॅज लावलेल्या रीगल बाजारात भरपूर आहेत. मी ग्रँड नॅशनल बघायला जायचो तेव्हा दर वेळी तिथेच घोडं अडायचं, कुठे स्टिकर अर्धं फाटलेलं आणि नेमकी कोडची ओळच गायब, कुठे ‘रिपेंटमध्ये गेलं हो’, आणि एका ठिकाणी तर चाळीस वर्षं जुन्या झाकणावर पांढरंशुभ्र, कोपरा न कोपरा शाबूत असलेलं स्टिकर, बोट फिरवलं तर कागद अजून गुळगुळीत. गाडी खरीही असेल, पण एवढे पैसे घालून रोज मनात शंका घेऊन चालवायची, ते मला जमणार नव्हतं.

टर्बो-टीची नक्कल करायच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही, त्या बॅजला तेवढे पैसेच येत नाहीत. उलट काही खऱ्या टर्बो-टीचीच लोकांनी ग्रँड नॅशनल करून टाकली, म्हणजे मुळात १,५४७ आणि त्यातल्या मूळ रूपात राहिलेल्या आणखी कमी. माझ्या मनाला हे फार लागतं. म्हणून जशीच्या तशी राहिलेली मिळाली तेव्हा घेऊन टाकली.

ग्रँड नॅशनलची बाजू पण सांगतो. मी मिशिगनमध्ये राहतो, ऑगस्टमध्ये इथल्या वुडवर्ड रस्त्यावर जुन्या गाड्यांची क्रूझ असते तेव्हा गर्दी ग्रँड नॅशनलभोवतीच होते, टर्बो-टीपाशी थांबतो तो ओळखणारा माणूस, पण तो मग अर्धा तास हलत नाही. ग्रँड नॅशनलचे ट्रिम पार्ट नवे बनवलेले सहज मिळतात, आणि चार-पाच वर्षांत विकायची असेल तर गिऱ्हाईक तिलाच पटकन मिळेल, तेव्हा तसा विचार असेल तर तीच घ्या. फक्त स्टिकर मूळचं असलेली घ्या, किंवा फॅक्टरीची बिल्डशीट, म्हणजे गाडीत काय काय बसवलं त्याचा कागद, सोबत असलेली, ती कधीकधी सीटखाली सापडते, मालकाला एकदा बघायला लावा. ठेवायची असेल तर मात्र मी टर्बो-टीच बघेन, आणि गाडी बघायला दिवसाउजेडी जा, बॉनेटच्या आधी डिकी उघडायला सांगा.