शिवाजी उद्यमनगरातला स्टेज वन रीमॅप: पोलो जीटी टीएसआयवर कसा बसतो

लेथ, वेल्डिंग आणि कास्टिंगच्या कामांच्या गर्दीत कोल्हापूरच्या उद्यमनगरात एक छोटं ट्यूनिंगचं गॅरेज आहे. बोर्ड मोठा नाही, बाहेर उभ्या गाड्या मात्र बहुतेक पोलो आणि रॅपिड. पोलो जीटीचं १.२ टीएसआय (टर्बो पेट्रोल) इंजिन आणि सात गिअर डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) यांच्यासाठी इथं होणाऱ्या स्टेज वन रीमॅपबद्दल, म्हणजे सुटे भाग न बदलता फक्त ईसीयूचं (इंजिनच्या कॉम्प्युटरचं) सॉफ्टवेअर बदलण्याबद्दल, हे परीक्षण आहे. कंपनीचे आकडे १०५ पीएस ताकद आणि १७५ न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर). गॅरेज सांगतं १३० पीएस आणि २१५.

सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे लॅपटॉप जोडण्याआधीचं काम. आधी फॉल्ट कोड वाचतात, मग मूळ सॉफ्टवेअरवरच तिसऱ्या गिअरमध्ये लॉग (चालत्या इंजिनाच्या आकड्यांची नोंद) काढतात. ईसीयूनं मागितलेला बूस्ट (टर्बोनं वाढवलेला हवेचा दाब) आणि प्रत्यक्ष मिळालेला बूस्ट यांत शंभर मिलीबारपेक्षा जास्त फरक दिसला तर त्या दिवशी रीमॅप होत नाही. हे बरोबरच आहे. या इंजिनात वेस्टगेट (टर्बोला वळसा घालून एक्झॉस्ट सोडणारी झडप) इलेक्ट्रिक मोटरवर चालतो. त्याची दांडी झिजून खेळ आला की झडप नीट मिटत नाही आणि बूस्ट कमी पडतो. तशा गाडीवर नवी फाईल (बदललेलं सॉफ्टवेअर) मारली तर टर्बो आणखी जोरात पळवला जातो, दुखणं मात्र तिथंच राहतं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर असल्यानं तेवढ्याच निरपेक्ष दाबासाठी टर्बोला कोकणापेक्षा जास्त राबावं लागतं, हेही विसरू नये.

दुसरी तपासणी इंटरकूलरची, म्हणजे टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या भागाची. या गाडीत तो पुढच्या जाळीमागे नाही, इंजिनात हवा नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डमध्येच बसवलेला, पाण्यानं थंड होणारा आहे, आणि त्या पाण्याला वेगळा इलेक्ट्रिक पंप आहे. पंप दमला की साध्या गाडीत कळत नाही, रीमॅपनंतर लगेच कळतं: हवा तापते, नॉक (इंधनाचा आपोआप पेट) सुरू होतो, ईसीयू टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे ओढतो आणि वाढवलेली ताकद उन्हाळ्यात परत जाते. बाहेर ३४ अंश असताना एका दमात ओढल्यावर इनटेकचं तापमान ५२ पर्यंत गेलं आणि पाय काढताच उतरलं, म्हणजे पंप ठीक. ६५ च्या वर जाऊन तिथंच रेंगाळलं तर आधी पंप आणि कूलंटमधली हवा बघा.

प्लग नवेच घालायला लावतात, गॅप ०.७ मिमीच्या वर ठेवत नाहीत. दाब वाढला की मोठ्या गॅपमध्ये ठिणगी विझते, आणि वरच्या आरपीएमला गाडी झटके देते. फाईल लिहिताना बॅटरीला सप्लाय जोडून व्होल्टेज १३ च्या वर धरतात. अर्ध्यावर व्होल्टेज पडलं तर ईसीयू बंद पडू शकतो, म्हणून हे बघून घ्याच.

आता खटकलेलं. त्यांची नेहमीची फाईल पूर्ण टॉर्क १६०० आरपीएमलाच देते. गाडी चालवून बघणाऱ्याला पिकअप नाद खुळा वाटतो, पण डायरेक्ट इंजेक्शन (इंधन थेट सिलिंडरमध्ये सोडणाऱ्या) टर्बोमध्ये कमी आरपीएमला एवढा दाब म्हणजे अवेळी पेट घेण्याला आमंत्रण, आणि त्यात पिस्टन फुटू शकतो. डीएसजी डी मोडमध्ये लवकर वरचा गिअर टाकते. गगनबावड्याकडे चढाला पाय दाबला की इंजिन नेमकं याच पट्ट्यात सापडतं. मागितलं तर टॉर्क २१०० नंतर चढवणारी फाईल ते विनातक्रार देतात. तीच घ्या, आणि घाटात एस (स्पोर्ट) मोड वापरा. या गाडीच्या डीक्यू२०० डीएसजी गिअरबॉक्सची मर्यादा २५० न्यूटन मीटर आहे, क्लच कोरडे आहेत. २१५ वर थांबण्याचा त्यांचा निर्णय शहाणपणाचा आहे, जास्त मागू नका.

पेट्रोलवर बोलायला हवं. त्यात मिसळलेलं इथेनॉल, आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचंही त्यात असेल, नॉक रोखायला मदत करतं. पण त्यात उष्मांक कमी, म्हणून इंधन जास्त लागतं: ई२० ला (२० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला) हवा-इंधनाचं प्रमाण १४.७ नाही, साधारण १३.५ येतं. त्यामुळे वरच्या आरपीएमला इंधनाच्या हाय प्रेशर पंपावर ताण येतो. शेवटच्या लॉगमध्ये रेल प्रेशर (इंजेक्टरकडच्या इंधनाचा दाब) मागणीपेक्षा खाली घसरत नाही ना, एवढं नक्की तपासा. टायमिंग प्रत्येक सिलिंडरमध्ये अधूनमधून दोन-तीन अंश मागे जाणं चालतं. एकाच सिलिंडरमध्ये सतत सहा अंश जात असेल तर फाईल सौम्य करून घ्या.

गॅरेजकडे डायनो (ताकद मोजायचं यंत्र) नाही, त्यामुळे १३० पीएस हा अंदाजच. खरा फरक बघायचा तर त्याच रस्त्यावर, त्याच दिशेनं, तिसऱ्या गिअरमध्ये २००० ते ५००० आरपीएमला लागणारे सेकंद आधी आणि नंतर मोजा. डिझेलवाल्यांना ईजीआर (प्रदूषण कमी करायला थोडा एक्झॉस्ट परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) बंद करून द्यायची त्यांची सवय मात्र चुकीची आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. वॉरंटी आणि विम्याचाही विचार आधीच करा.

खर्च १८ हजार, प्लग आणि ऑइल वेगळं. ऑइल व्हीडब्ल्यू ५०२ मान्यतेचंच, आणि रीमॅपनंतर साडेसात हजार किलोमीटरला बदला. मूळ फाईलची प्रत आणि आधी-नंतरचे लॉग पेन ड्राइव्हवर मागून घ्या. ते देतात, पण आपण होऊन देत नाहीत.