सहासष्टाव्या वर्षी वजनाचं ऑपरेशन: नऊ महिन्यांनंतर

दारव्हा तालुक्यातलं आमचं गाव. मी जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. नोव्हेंबरात नागपूरला ऑपरेशन झालं, तेव्हापासून ‘आमच्या आईचं करावं का?’ असे फोन येतात. म्हणून एकदाच सगळं लिहिते.

तेव्हा वजन १०८ किलो, उंची पाच फूट. जोडीला शुगर, बीपी, झोपेत श्वास अडकणं. गुडघे बदलायचे तर आधी वजन उतरवा, असं हाडांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. चालताना अंगावरच्या एका किलोचा गुडघ्यावर साधारण चार किलो भार पडतो, हे तेव्हा कळलं.

‘या वयात पोटाला कशाला हात लावते?’ भाऊ म्हणाला. मी सर्जनना तेच विचारलं. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत वयाची वरची मर्यादा ठेवलेली नाही. हृदय, फुप्फुसं, किडनी आणि माणूस किती हिंडता-फिरता आहे ते बघतात. एंडोस्कोपी, इको, झोपेची तपासणी झाली आणि ‘स्लीव्ह’ नावाचं ऑपरेशन ठरलं. यात दुर्बिणीतून जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढतात. भुकेचं घ्रेलिन हार्मोन मुख्यतः त्याच भागात तयार होतं, म्हणून भूकही मंदावते. पायात गुठळी होऊ नये म्हणून त्याच संध्याकाळी मला चालवलं. दवाखान्यातले दिवस सोपे गेले.

कठीण होतं ते घरी आल्यावर. तिसऱ्या आठवड्यात सकाळी सडा टाकायला अंगणात गेले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. तुळशीचा ओटा धरून खाली बसले. सुनेनं बीपी मोजला, ९० वर ६०. लघवीवाटे पाणी काढणारी बीपीची गोळी जुन्याच डोसनं चालू होती. सुट्टीच्या कागदावर शुगरच्या गोळ्या कमी केल्या होत्या, पण या गोळीबद्दल एक शब्द नव्हता. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. त्या दिवशी खुब्याचं हाड मोडलं असतं तर? घरी निघण्याआधी एकेक गोळी डॉक्टरांपुढे धरून ‘ही चालू की बंद?’ असं विचारा. मेडिकलमधून परस्पर आणतो त्या गुडघेदुखीच्या गोळ्यांचंही विचारा, त्यांनी जठराला अल्सर होऊ शकतो.

आहाराच्या कागदावर टोफू आणि ग्रीक योगर्ट. दारव्ह्याच्या बाजारात यातलं काही मिळत नाही. दुसऱ्या खेपेला मी आहारतज्ज्ञ ताईंना आमचा स्वयंपाक सांगितला, तेव्हा बसलं गणित. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिनं: दोन अंडी, बांधून घट्ट केलेलं दही, सोयाबीनच्या वड्या, तुरीचं घट्ट वरण, उरलेलं पावडरीतून. आधी हे, मग जागा राहिली तर चतकोर भाकर. जेवताना पाणी नाही, अर्ध्या तासानं. मे महिन्यात पारा ४५ वर गेला आणि घटाघटा पिता येईना. बाटली दिवसभर जवळ ठेवून घोटघोट प्यायले.

माझ्या वयाच्या माणसांना एक गोष्ट कळकळीनं सांगते. काट्यावरचे किलो मोजत बसू नका. दोन महिन्यांत १५ किलो उतरले, मी खूश होते. पण बाजेवरून उठताना दोन्ही हात टेकावे लागू लागले. चरबीबरोबर मांसही झडत होतं, आणि या वयात गेलेलं मांस सहज भरून येत नाही. फिजिओंनी खुर्चीवरून हात न लावता उठबस शिकवली, दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. पाण्यानं भरलेल्या लिटरच्या बाटल्या उचलते. ती उठबस मी आजवर चुकवलेली नाही.

चौथ्या महिन्यात केस मूठमूठ गळले, आता नवे येताहेत. बी-१२, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व आणि वरचेवर रक्ततपासणी आयुष्यभराची. झपाट्यानं वजन उतरलं की पित्ताशयात खडे होऊ शकतात, म्हणून सोनोग्राफीही केली.

बाजारात बाया थांबवतात, ‘काय झालं वो बाई तुमाले? किती वाळल्या!’ कॅन्सर झाला अशी कुजबुजही झाली. सुरुवातीला रडू यायचं. आता तिथेच उभी राहून ऑपरेशनचं सांगते.

आज वजन ७९. शुगरच्या तीन गोळ्यांची एक झाली. पोळ्याला दोन घास पुरणपोळी खाल्ली आणि बैलांना ओवाळायला दारापर्यंत काठीशिवाय गेले. उजवा गुडघा दिवाळीनंतर बदलायचा ठरलाय, डाव्याला डॉक्टर सध्या थांबू म्हणालेत.