किल्ला कोर्टाबाहेरचे मराठी टायपिंग: हात पक्का, पण ‘कायदेशीर’ हा शब्द तपासून घ्या

फोर्टात किल्ला कोर्टाच्या आसपास आणि वांद्र्याच्या कोर्टाजवळ प्रतिज्ञापत्र, हमीपत्र, तक्रार अर्ज किंवा नोटिशीचे उत्तर मराठीत टाइप करून देणारे बसतात. उरक आणि साच्याची जाण यात त्यांना तोड नाही. पक्षकारांची नावे कुठे येतात, परिच्छेदांना क्रमांक कसे द्यायचे, सत्यापन (मजकूर खरा असल्याची ग्वाही) कुठे, सहीला जागा किती, हे त्यांना सांगावे लागत नाही. कच्चा दुवा एकच आणि तो महागात पडू शकतो. कायद्यात बसणाऱ्या प्रत्येक गोष्टीला तयार मसुद्यात ‘कायदेशीर’ हाच शब्द असतो, न बसणाऱ्या सगळ्याला ‘बेकायदेशीर’. जाण्यापूर्वी आपले शब्द ठरवून जा.

सुरुवात प्रतिज्ञापत्रापासून करू. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १९ मधला नियम ३ सांगतो की शपथेवर लिहायचे ते स्वतःच्या माहितीतले, सिद्ध करता येईल असे तथ्य. अंतरिम अर्जात समजुतीचे विधान चालू शकते, पण त्याचा आधार द्यावा लागतो. ‘माझे बांधकाम कायदेशीर आहे’ हा निष्कर्ष झाला आणि तो काढणे न्यायालयाचे काम आहे. त्याऐवजी मंजूर नकाशाचा क्रमांक, तारीख आणि भोगवटा प्रमाणपत्राचा तपशील लिहायला सांगा. शपथेवरचे खोटे विधान भारतीय न्याय संहितेच्या कलम २२७ आणि २२९ खाली येते, न्यायालयीन कार्यवाहीत सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. विशेषणे जितकी कमी तितके तुम्ही सुरक्षित.

बांधकामाच्या उत्तरांत घोळ सर्वांत जास्त होतो. मुंबई महापालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३५१ खालच्या नोटिशीत प्रश्न परवानगीचा असतो, म्हणून तिथला शब्द ‘अधिकृत’ किंवा ‘अनधिकृत’. मुंबईत याच्या मधे आणखी एक पायरी आहे, जिला सगळे ‘टॉलरेटेड’ म्हणतात: १ एप्रिल १९६२ पूर्वीचे व्यापारी आणि १७ एप्रिल १९६४ पूर्वीचे निवासी बांधकाम. त्याला पाडकामापासून अभय मिळते, पण परवानगी मिळाली असा त्याचा अर्थ होत नाही. उत्तरात ‘अधिकृत’ लिहिलेत तर पुढचा प्रश्न ‘मंजूर नकाशा दाखवा’ हाच येणार, आणि तो तुमच्याकडे नसणार. ‘टॉलरेटेड, त्या तारखेपूर्वीपासून अस्तित्वात’ असे लिहून जुना करनिर्धारणाचा उतारा जोडा. मालमत्ता कराच्या पावतीने बांधकाम अधिकृत ठरत नाही, हेही ध्यानात ठेवा. झोपडीसाठी शब्द वेगळा: १ जानेवारी २००० पूर्वीची झोपडी असेल तर ‘संरक्षित’.

कागदपत्राविषयी बोलताना ‘विधिग्राह्य’ वापरा, म्हणजे आजच्या तारखेला लागू असलेले. काल मुदत संपलेला परवाना कायदेशीरपणे मिळवलेला असतो, पण विधिग्राह्य नसतो. रीत पाळली एवढेच सांगायचे असेल तेव्हा ‘विधिवत’. सोसायटीची वार्षिक सभा विधिवत झाली असे नुसते न लिहिता पूर्ण १४ दिवसांची नोटीस कधी दिली आणि गणपूर्ती किती होती ते टाका.

पैशांच्या नोटिशीत तर एका शब्दाने बाजू फिरते. भारतीय संविदा अधिनियम, १८७२ च्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करार शून्य, म्हणजे तो न्यायालयातून वसूल करता येत नाही. पण शून्य म्हणजे बेकायदा नव्हे: घेरूलाल पारख खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली ठरवले की असा करार कलम २३ च्या अर्थाने बेकायदा उद्देशाचा ठरत नाही. मुंबई इलाख्यात मात्र १८६५ च्या कायद्याने पैजेला पूरक करारही शून्य केले, म्हणून पैजेसाठी उसने दिलेले पैसे इथे अडकतात. उत्तरात ‘करार बेकायदा आहे’ असे टाइप झाले तर आपणच आपल्यावर ठपका ओढून घेतो. ‘करार शून्य आहे’ एवढे पुरते. धाकदपटशाने सही घेतली असेल तर तिसरा शब्द लागतो, ‘शून्यकरणीय’. असा करार मोडायचा की नाही, हे ज्याच्यावर जबरदस्ती झाली त्याच्या हाती असते. तयार मसुद्यात शून्य आणि शून्यकरणीय सर्रास एकमेकांच्या जागी येतात. ही चूक वाचताना सहज निसटते, म्हणून बोट ठेवून वाचा.

‘नोटरी केला की भाडेकरार कायदेशीर’ हे इथे छातीठोकपणे सांगितले जाते. ते चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय अटींबाबत वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते.

आझाद मैदानातल्या धरण्याचा अर्ज करून घेणाऱ्यांनी ‘सनदशीर मार्गाने’ हा जुना, नेमका शब्दप्रयोग जरूर ठेवावा, पण त्याबरोबर ‘शांततेने व विनाशस्त्र’ हे राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ चे शब्दही घालावेत. जागा, वेळ, माणसांची संख्या लिहावी. पाच किंवा अधिक जणांचा जमाव कायद्यात सांगितलेल्या ठरावीक गैर उद्देशांसाठी जमला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १८९ खाली तो गैरकायद्याची मंडळी ठरतो. अर्जातला उद्देश मोघम राहिला की शंकेला जागा मिळते.

किरकोळ पण नेहमीच्या तक्रारी: भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे, तरी त्या दिवसापासूनच्या घटनेलाही जुन्या मसुद्यातून आधीच्या भारतीय दंड संहितेची कलमे चिकटून येतात. त्या तारखेआधीची घटना असेल तर मात्र जुनीच कलमे बरोबर. सरकारी कार्यालयात किंवा न्यायालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक लागत नाही, साधा कागद चालतो, तरी ५०० रुपयांचा मुद्रांक पुढे केला जातो. फाइल जुन्या फाँटमध्ये मिळाली तर घरी उघडताना अक्षरांचा चिवडा होतो, म्हणून युनिकोड प्रत आणि पीडीएफ दोन्ही मागा. दर पानामागे की मसुद्यामागे, दुरुस्तीचे वेगळे पैसे आहेत का, हे टायपिंग सुरू होण्याआधी विचारा. अटक, जामीन किंवा ताब्याचा दावा असेल तर मात्र इथे न थांबता वकील गाठा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि कोठडीतील माणसे यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून तो विनामूल्य मिळतो.