नेट अडलं की आधी फोन: काही महिन्यांच्या वापरानंतर

नेट अडलं की लॅपटॉप उघडायच्या आधी फोन हातात घ्यायचा, हे काही महिने चाललंय. त्यासाठी जवळ ठेवलंय अगदी थोडं: एक वाय-फाय ॲनालायझर (आसपासच्या वाय-फायचा सिग्नल आणि चॅनेल दाखवणारं ॲप), पिंगचं एक साधं ॲप (पिंग म्हणजे एखाद्या पत्त्यावर छोटा निरोप धाडून उत्तर येतं का ते बघणं) आणि यूएसबी-सीला लागणारा इथरनेट अडॅप्टर, म्हणजे फोनला नेटची केबल जोडणारा. स्पीड टेस्टचं ॲप काढून टाकलं. नेट रखडतंय हे आपल्याला दिसतच असतं, कुठे रखडतंय ते त्या आकड्यातून कळत नाही.

ते कळतं पिंगमधून. आधी राउटरला पिंग करायचं (पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१), मग ८.८.८.८ ला (हा घराबाहेरचा, गूगलचा सर्व्हर), मग एखाद्या साइटच्या नावाला. राउटरपर्यंतच पॅकेट (डेटाचे तुकडे) गळत असतील तर दोष वाय-फायचा किंवा राउटरचा, कस्टमर केअरला फोन लावून काही होणार नाही. राउटर झटकन उत्तर देतो पण ८.८.८.८ गप्प, तर बिघाड बहुतेक पुढे लाइनवर. आकड्याला उत्तर येतं, नावाला येत नाही, तर दोष डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा. घरातले बाकी फोन चालतात आणि एकच अडतो, तेव्हा त्या फोनच्या सेटिंगमधलं ‘प्रायव्हेट डीएनएस’ बघा. अँड्रॉइड ९ पासून ते आहे आणि तिथे कधीकाळी भरलेलं नाव कुणाच्या लक्षात राहत नाही.

हे सगळं करताना मोबाइल डेटा बंद हवा, व्हीपीएनही. वाय-फायला नेट नाही असं दिसलं की बरेच फोन गुपचूप डेटावर जातात, आणि आपण म्हणतो, ‘चालू तर आहे की!’

ॲनालायझरबद्दल मत संमिश्र. उणे ५० डीबीएमच्या (हे सिग्नलच्या ताकदीचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं) आसपास सिग्नल उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल निभावतो, उणे ८० ला रड सुरू. फोन घेऊन खोल्यांतून फिरलं की कुठली भिंत सिग्नल खाते ते लगेच दिसतं. शेजारच्या राउटरांची यादी मात्र शिळी असते, कारण अँड्रॉइड ९ पासून ॲपला दोन मिनिटांत चारच स्कॅन मिळतात. अँड्रॉइड १० पासून डेव्हलपर ऑप्शन्समध्ये (सेटिंगमधल्या एरवी लपलेल्या मेनूत) ही अट काढता येते. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६, ११ हे एकमेकांत न मिसळणारे चॅनेल सोडून मधल्या चॅनेलवर बसलेला राउटर दोन्हीकडच्यांना त्रास देतो, तो या यादीत सापडतो. आयफोनवर ही यादी बाहेरच्या ॲपना मिळतच नाही.

सगळ्यात वसूल झाला तो अडॅप्टर. वाय-फाय आणि डेटा बंद करून राउटरची केबल थेट फोनला लावायची. आयपी पत्ता आला की केबल, पोर्ट आणि डीएचसीपी (राउटरची पत्ते वाटायची सोय) तिन्ही एका दमात तपासून होतात. आमच्याकडे आलेला टेक्निशियन ‘लॅपटॉपमध्येच प्रॉब्लेम आहे’ यावर अडून होता. तीच केबल फोनला लावली, फोनलाही पत्ता मिळेना, तेव्हा त्याने मुकाट्याने राउटर उलटा करून पोर्ट बघायला घेतला. फक्त घेण्याआधी आपला फोन अडॅप्टर ओळखतो का ते पाहा, सगळे ओळखत नाहीत. आणि पोर्ट एकच असल्याने चार्जिंग थांबतं, म्हणून बॅटरी भरलेली ठेवा.