जुनं जीटीएक्स कार्ड आणि लिनक्स मिंट २२: काही महिने वापरल्यानंतर

आधी निकाल सांगतो, मग बाकीचं. जुन्या एनव्हिडिया ग्राफिक्स कार्डावर दिवसभर फ्रीकॅड हे थ्रीडी ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर चालवायचं असेल तर मिंट, म्हणजे विंडोजऐवजी टाकायची ही मोफत सिस्टिम, खुशाल टाका. ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, बसवणं अवघड नाही, तो बसलेला टिकवणं हे खरं काम आहे.

आमचं काम बेळगावात उद्यमबागेतल्या फौंड्र्यांसाठी पॅटर्न आणि कोअर बॉक्सची, म्हणजे ओतकामाचे साचे बनवायला लागणाऱ्या नमुन्यांची, ड्रॉइंगं करायचं. पंपाची केसिंगं, व्हॉल्व्हच्या बॉड्या, असला माल. मशीन सातव्या पिढीचं आय-फाइव्ह, कार्ड जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबीचं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि हा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही. चालू मशीन भंगारात कोण घालणार? म्हणून मिंट.

टाकल्या टाकल्या स्क्रीन दिसली, इंटरनेट लागलं, सगळं छान. पण केसिंगचं मॉडेल फिरवायला गेलं की ते अडखळत फिरायचं. कारण साधं आहे. सुरुवातीला कार्ड नूव्हो नावाच्या मुक्त ड्रायव्हरवर चालतं. या पिढीच्या, म्हणजे पास्कल कार्डांचा वेग वाढवायला एनव्हिडियाची सही असलेलं फर्मवेअर (कार्डाच्या आतच चालणारं सॉफ्टवेअर) लागतं, आणि ते नूव्होला मिळालेलं नाही. त्यामुळे मशीन सुरू होताना कार्ड ज्या कमी वेगात उठतं, त्याच वेगात दिवसभर राहतं. एनव्हिडियाने २०२२ साली आपल्या कर्नल मॉड्यूलचा, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात (कर्नलमध्ये) बसणाऱ्या ड्रायव्हरच्या भागाचा, सोर्स खुला केला खरा, पण तो ट्युरिंग या नंतरच्या पिढीच्या आणि पुढच्या कार्डांसाठी. आपल्याला तिथे हात चोळत बसायचं. थोडक्यात, १०५० टीआयला बंदिस्त ड्रायव्हरच लागतो.

तो मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून घ्या. एनव्हिडियाच्या साइटवरून फाइल उतरवून टर्मिनलमध्ये चालवायच्या भानगडीत पडू नका. कर्नलचं पुढचं अपडेट आलं की ते अंगावर येतं. यादीत ५८० आकड्याचा ड्रायव्हर निवडला. मॅक्सवेल, पास्कल आणि व्होल्टा कार्डांसाठी हीच शेवटची शाखा, त्यामुळे यापुढचा आकडा दिसला तरी बोट लावायचं नाही.

सेक्युअर बूट (मशीन सुरू होताना सही नसलेलं सॉफ्टवेअर अडवणारी सोय) चालू असेल तर इथे थोडं लक्ष द्या. ड्रायव्हर बसताना एक पासवर्ड ठरवायला सांगतो. रिस्टार्ट केल्यावर निळी स्क्रीन येते आणि काही सेकंदच थांबते. त्या वेळात कुठलंही बटण दाबून ‘एनरोल एमओके’ (मशीनमालकाची किल्ली नोंदवा) निवडायचं आणि तोच पासवर्ड द्यायचा. टाइप करताना अक्षरं दिसत नाहीत आणि कीबोर्ड अमेरिकन लेआउटचा असतो, म्हणून पासवर्डात चिन्हं नकोत. ही स्क्रीन हुकली की ड्रायव्हर बसलेला असूनही लोड होत नाही, आणि माणूस कार्डालाच शिव्या घालत बसतो. बरेच जण सेक्युअर बूट बंदच करून मोकळे होतात. चालतं तेही.

त्यानंतर फरक डोळ्याला दिसला. मॉडेल लोण्यासारखं फिरतं. गिऱ्हाइकाला दाखवायचं चित्र ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या सायकल्स रेंडररमध्ये करतो. तिथे कूडा, म्हणजे कार्डाकडून गणित करून घेणारी एनव्हिडियाची यंत्रणा, आता कार्ड ओळखतं, नूव्होवर असताना ते यादीतच नव्हतं. ड्रॉइंग सरकवताना रेघा मधेच तुटल्यासारख्या दिसायच्या. त्यावर उपाय एनव्हिडिया सेटिंग्जमध्ये ‘फोर्स फुल कम्पोझिशन पाइपलाइन’ला टिक करणं.

आता रडगाणं. आमच्याकडे पावसाळ्यात लाईट कधी जाईल याचा भरवसा नाही, आणि यूपीएसची बॅटरी म्हातारी. ड्रायव्हरचं अपडेट चालू असतानाच लाईट गेली. अपडेटमध्ये जुनं मॉड्यूल आधी निघतं आणि नवं चालू कर्नलसाठी तिथल्या तिथे बनवलं जातं. त्या मधल्या वेळात मशीन बंद पडलं की कार्डाला ड्रायव्हरच उरत नाही. परत चालू केल्यावर मिंटच्या सिनॅमन डेस्कटॉपने हार्डवेअर अ‍ॅक्सलरेशन नसल्याची सूचना दिली आणि माऊससुद्धा कुंथत सरकायला लागला. घाबरण्यासारखं काही नव्हतं: टर्मिनलमध्ये ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ (sudo dpkg --configure -a) दिलं, अर्धवट काम पुढे सुरू झालं, मॉड्यूल बनलं, रिस्टार्ट, संपला विषय. तेव्हापासून अपडेटच्या आधी टाइमशिफ्टचा स्नॅपशॉट, म्हणजे बिघडलं तर मागे फिरता येईल अशी सिस्टिमची प्रत, घेतो, आणि अपडेट सकाळी, आभाळ मोकळं असताना करतो.

मशीन सस्पेंड करून उठवलं की कधी कधी वॉलपेपरच्या जागी रंगीत चट्टे येतात. फाइल शाबूत असते, पण पाहणारा दचकतो. मी सस्पेंड बंदच ठेवलाय.

ड्रायव्हरशी संबंध नाही, पण सीमाभागातल्यांना उपयोगी म्हणून सांगतो: मराठी आणि कन्नड, दोन्ही कीबोर्ड एका शॉर्टकटवर बदलता येतात. चलनावर पार्टीचं नाव कन्नडात आणि खाली आमची टीप मराठीत, असं एकाच फाइलमध्ये बिनतक्रार होतं.

निपाणीच्या एका मित्राने सेकंडहँड एएमडी कार्डावर हेच मिंट टाकलं. त्याचा ड्रायव्हर कर्नल आणि मेसा या मुक्त ग्राफिक्स सॉफ्टवेअरमध्येच येतो, त्यामुळे यातलं काहीच त्याला करावं लागलं नाही. नवीन कार्ड घेणार असाल आणि कूडाची गरज नसेल, तर तेच घ्या. माझ्याकडे हे कार्ड आहे तोवर मिंट २२ आणि ५८० वरच राहणार. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. तोवर यूपीएसला नवी बॅटरी मात्र घ्यावी लागेल.