साधं पाणी की इंटिमेट वॉश? रोजच्या आंघोळीत काय ठेवावं

केमिस्टकडे फेसवॉशच्या शेजारीच आता इंटिमेट वॉशच्या, म्हणजे योनीभोवतीचा नाजूक भाग धुवायच्या द्रवाच्या, बाटल्या मांडलेल्या असतात. रोज वापरावा का, असं मैत्रिणी विचारतात, आणि वयात येणाऱ्या मुलींच्या आया जास्तच. माझं मत आधीच सांगते: बहुतेक जणींना साधं कोमट पाणी पुरतं. तरी निवडायचंच असेल तर आधी बाहेरचं आणि आतलं वेगळं करायला हवं.

धुवायची ती बाहेरची त्वचा, म्हणजे भगोष्ठ (योनीमुखाभोवतीच्या त्वचेच्या घड्या) आणि आजूबाजूचा भाग. आतला योनीमार्ग धुवायचा नसतो. तिथे लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात. त्यामुळे पाळी चालू असलेल्या वयात तिथला पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त) साधारण ३.८ ते ४.५ राहतो आणि त्रासदायक जंतूंना आळा बसतो. रोज थोडं पारदर्शक किंवा पांढरट जाणं हा त्याच व्यवस्थेचा भाग आहे. 'अंगावरून पांढरं जातंय, म्हणजे अशक्तपणा आलाय' हे आपल्याकडे इतकं रुजलंय की धडधाकट मुलीही घाबरून आत-बाहेर घासत बसतात. याचं मला फार वाईट वाटतं.

आता साबण आणि वॉश. अंगाच्या नेहमीच्या साबणाचा पीएच ९-१० च्या घरात असतो. नाजूक त्वचा त्याने कोरडी पडते, चुरचुरते. पाण्यात जंतुनाशकाचे थेंब टाकून धुणं त्याहून वाईट. वॉश साबणापेक्षा सौम्य असतो, एवढा त्याचा फायदा खरा. पण बाटलीवरच्या '३.५ पीएच'ला भुलू नका. आतलं आम्ल आतले जिवाणूच बनवतात, बाहेर लावलेला फेस नाही. फेस आल्याशिवाय स्वच्छ वाटतच नसेल, तर बिनवासाचा वॉश दिवसातून एकदा, फक्त बाहेरून, आणि नीट धुऊन टाकायचा. आधीच खाज किंवा आग होत असेल तर तोही बंद, नुसतं पाणी.

वाइप्स लांबच्या एसटी प्रवासात किंवा पाणी नसलेल्या स्वच्छतागृहात उपयोगी, तेही बिनवासाचे. घरी पाणी असताना कशाला? आत पाणी मारणं, म्हणजे डूश, पूर्ण टाळा. त्याने चांगले जिवाणू वाहून जातात आणि संसर्गाचा धोका वाढतो. जेट स्प्रेचा जोरही आत जाऊ देऊ नका. धुणं, पुसणं नेहमी पुढून मागे.

मला विचाराल तर बाटलीपेक्षा चड्डीकडे लक्ष देणं जास्त फायद्याचं. सुती असावी, रोज बदलावी, साबण निघेपर्यंत खळबळून धुवावी. खरी पंचाईत पावसाळ्यात होते. कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, आणि लाजेपोटी चड्ड्या दुसऱ्या कपड्यांखाली झाकून वाळत घालायची सवय असतेच. दमट कपडा अंगावर राहिला की जांघेत बुरशी धरते. उघड्यावर, वारा लागेल तिथे वाळवा. ओलसर राहिली तर इस्त्री फिरवा. आंघोळीनंतर जांघा टिपून कोरड्या करा. घाम आला, पोहून आलात, तर लगेच बदला. रात्री सैल कपडे बरे.

पाळी गेल्यानंतर गणित बदलतं. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक कमी झाल्याने त्वचा पातळ होते, कोरडेपणा आणि आग वाढते. तिथे वॉश घेऊन काही साधत नाही. योनीमार्गासाठीचं बिनवासाचं मॉइश्चरायझर किंवा डॉक्टरांनी लिहून दिलेलं इस्ट्रोजेन क्रीम यांचा उपयोग होतो. बाहेरून खोबरेल तेलाचं बोट अनेकींना चालतं, पण लॅटेक्सचा कंडोम वापरत असाल तर तेल नको, तो कमजोर होतो.

आणि काही त्रास असे की त्यांच्यासाठी दुकानात काही शोधूच नये. खाज आणि घट्ट गुठळ्यांसारखं जाणं बहुधा बुरशीमुळे. राखाडी, पातळ आणि मासळीच्या वासाचं जाणं जिवाणूंचं संतुलन बिघडल्याने. दोन्हींची औषधं वेगळी, त्यामुळे केमिस्टला विचारून गोळी घेणं अंदाजपंचे ठरतं. हिरवट स्राव, फोड, ओटीपोटात दुखणं, ताप असेल तर थांबू नका. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर रक्त दिसलं, अगदी थेंबभर असलं, तरी त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.